सोपानचं सोंग

प्लायवूडच्या भिंतीपलीकडे खुर्ची आपटल्याचा आवाज आला आणि धोंडीबा ओव्हाळ गालातल्या गालात हसला.

"आलं," तो स्वतःशीच म्हणाला. "म्हटलं होतं ना मी, काहीतरी येणार."

त्याच्या समोरच्या टेबलावर एक माइक होता आणि शेजारी छोटा स्पीकर. स्पीकरातून आधी नुसती खरखर आली, मग कुणीतरी ओढून ओढून श्वास घेत असल्याचा आवाज, आणि मग सोपान गराडेचा ओळखीचा घोगरा सूर. "धोंडबा... आरं धोंडबा... ये की हिकडं..."

धोंडीबानं हाताची घडी घातली, माइककडे वाकला आणि म्हणाला, "बास कर सोपान्या. ओळखलं."

आता कुणी म्हणेल, काय माणूस आहे हा. उभ्या आयुष्याचा सोबती भिंतीपलीकडे हाका मारतोय आणि हा हाताची घडी घालून बसलाय. पण धोंडीबा तसा नव्हता हो. तसा नव्हता म्हणूनच तर त्या दिवशी असा बसला होता. ते कसं, ते आधी सांगायला हवं.

धोंडीबा आणि सोपान एकाच कंपनीत, एकाच प्रेस शॉपमध्ये राबले. पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढायचं काम. कंपनी आधी भोसरीत होती, मग चाकणला गेली, तशी ही दोघंही कंपनीच्या बसमधून चाकणला जायला लागली. धोंडीबा संत तुकाराम नगरातला, सोपान कासारवाडीचा. दोघं मागेपुढे रिटायर झाले. रिटायर झाल्यावर माणसाला कुणी काही विचारत नाही, हे दुखणं कुठल्याच डॉक्टरला दाखवता येत नाही. धोंडीबाला घरात विचारायचे ते एवढंच, की गॅसवाला येऊन गेला का.

म्हणून विहाराशेजारच्या वाचनालयात वर्षाली नावाची मुलगी आली, तेव्हा धोंडीबा पुढे सरकून बसला. ताथवड्याच्या एका कॉलेजात ती संशोधन करत होती. माणूस कुठल्या प्रसंगात कसा वागतो, हा तिचा विषय, आणि त्यासाठी तिला वयस्कर माणसं हवी होती.

"म्हणजे आम्ही करायचं काय?" धोंडीबानं विचारलं.

"काही नाही काका. आम्ही सांगू तिथं बसायचं आणि विचारू ते सांगायचं. तुमच्या पिढीचं कुणी ऐकूनच घेत नाही हो."

झालं. एवढ्यावर गडी इस्त्रीचा शर्ट घालून ताथवड्याला हजर.

पहिल्या वेळी त्याला एका खोलीत एकट्याला बसवलं आणि छापील मजकुरातल्या चुका शोधायला सांगितलं. वाचनाची चाचणी आहे म्हणे. तो चष्मा पुसतोय तोवर बाहेर पॅसेजमध्ये धाडकन शिडी पडली आणि एक पोरगा कळवळला, "आई गं, पाय गेला." धोंडीबा चष्मा तिथंच टाकून धावला. पोराचं डोकं मांडीवर घेतलं, बाहीनं त्याचा घाम पुसला, आणि "अरे, कुणी आहे का, गाडी बोलवा" असं ओरडता ओरडता त्याला रडू फुटलं. त्याला कारण होतं. प्रेस शॉपमध्ये बरोबरच्या दत्तूचा हात मशीनखाली गेला, तेव्हा दत्तूचं डोकं असंच त्याच्या मांडीवर होतं. त्या दिवसाची भीती अंगात कुठंतरी तशीच दडून बसली होती, ती त्या पॅसेजमध्ये चारचौघांत बाहेर आली.

आणि मग तो पोरगा उठून बसला. पँट झटकली आणि म्हणाला, "थँक यू काका." भिंतीत एक काळी काच होती. तिच्या मागून पोरंपोरी बाहेर आली, एकदोघांनी टाळ्या वाजवल्या. वाईट हेतूनं नव्हे, कौतुकानंच. वर्षालीनं त्याला खुर्चीत बसवलं, चहा दिला आणि शेजारी बसून म्हणाली, "काका, आता मी तुम्हाला खरं काय ते सांगते."

खरं असं होतं, की वाचनाची चाचणी वगैरे काही नव्हतीच. पडलेल्या माणसासाठी कोण उठतं आणि कोण बसून राहतं, ते बघायचं होतं. शिडी मुद्दाम पाडलेली, पोरगा कॉलेजच्या नाटकमंडळातला. "आणि तुम्ही सगळ्यांच्या आधी धावलात काका. खूप चांगले आहात तुम्ही."

धोंडीबा हसला. दुसरं काय करणार बिचारा. पण घरी त्याला जेवण गेलं नाही. प्रभावतीनं, त्याच्या बायकोनं, काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "खोट्यासाठी रडलो गं मी."

त्यानं हे सोपानला सांगितलं ही चूकच झाली. सोपानच्या पोटात गोष्ट राहिली असती तर तो सोपान कसला. कासारवाडी स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर त्यानं ती सगळ्यांना ऐकवली. "धोंडबाला रडवायचं आसंल तर कायबी करू नका राव, नुसती शिडी पाडा." टपरी हसली, धोंडीबाही हसला, आणि त्या हसण्यात त्यानं मनाशी गाठ मारली की पुन्हा म्हणून फसायचं नाही. ही पोरं सांगतात एक आणि बघतात दुसरंच.

दुसऱ्या वेळी तो गेला तो डोळे उघडे ठेवूनच. खोलीत आणखी चारपाच माणसं होती. पडद्यावर रेघा दाखवत होते, सगळ्यांत लांब कुठली ते सांगायचं, आणि ही चारपाच माणसं एका सुरात धडधडीत चुकीची रेघ सांगत होती. धोंडीबा उठून उभा राहिला आणि काळ्या काचेकडे बघून म्हणाला, "हे सगळे तुमचेच आहेत. चहा आणा." वर्षाली हसत हसत बाहेर आली. "काका, तुम्ही आता पक्के झालात. तुमच्यावर आमचा प्रयोग चालायचा नाही." ही फुशारकी त्याला बरेच दिवस पुरली. टपरीवरही त्यानं ती दोनदोनदा सांगितली.

पण त्याच सुमारास एक गोष्ट झाली, ती त्यानं टपरीवर सांगितली नाही. प्रभावतीबरोबर तो संत तुकाराम नगरच्या भाजीबाजारात गेला असताना त्याच्यासमोर एक बाई चक्कर येऊन पडली. अगदी पुढ्यात. पूर्वीचा धोंडीबा पिशवी टाकून खाली बसला असता. हा धोंडीबा पिशवी धरून उभा राहिला. त्यानं आधी वर बघितलं, दुकानाच्या पत्र्याखाली कॅमेरा होता. मग गर्दीतल्या पोरापोरींचे तोंडवळे बघितले. तोवर कोथिंबीरवाल्यानं बाईच्या तोंडावर पाणी मारून तिला सावलीत बसवलंही.

"अहो, बाई खाली पडली आणि तुम्ही वर काय बघत होता?" प्रभावतीनं विचारलं.

त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि चालायला लागला. त्या दिवशी तो आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला घाबरला.

त्यानंतर वर्षालीचा पुन्हा फोन आला. या वेळी तिला जोडी हवी होती, बरोबर काम केलेले जुने सोबती. दोघांनी दोन खोल्यांत बसायचं आणि माइकवरून एकमेकांशी जुन्या आठवणी बोलायच्या. समोर चेहरा नसला की माणसाला जास्त आठवतं की कमी, ते बघायचं होतं.

"आणि काका, या वेळी कसलंही नाटक नाही हं. सांगते तेच आहे. तुम्हाला माहीत असलेलं बरं, म्हणून आधीच सांगते."

"हो हो, कळलं," धोंडीबा म्हणाला आणि फोन ठेवून प्रभावतीला म्हणाला, "नाटक नाही म्हणून आधीच सांगतेय. म्हणजे मोठंच असणार."

सोबती म्हणून सोपानशिवाय होतं कोण? आणि नाटकाचं म्हणाल तर सोपान त्यातला मुरलेला. कंपनीच्या स्नेहसंमेलनात दर वर्षी तो नाटकात असायचा आणि दर वर्षी शेवटच्या अंकात मरायचा. पण मरायच्या आधी तो डोक्यावरची पांढरी टोपी काढायचा, झटकायचा, नीट घडी घालून शेजारच्या खुर्चीवर ठेवायचा आणि मग छाती धरून कोसळायचा. लोक हसून बेजार. नाटक बसवणारे साहेब चिडायचे, "गराडे, मरणारा माणूस टोपी काढून ठेवतो का?" त्यावर सोपानचं ठरलेलं उत्तर, "मरनारा ठिवत नसंल सायेब, म्या ठिवनार. बापानं दिलेली टोपी हाय. म्या मेलो तरी तिला माती लागायची न्हाई."

स्टेजवरून उतरल्यावरही त्याची सोंगं सुटायची नाहीत. बसमध्ये जागा मिळेना की छातीला हात, बायकोनं पिठलं टाकलं की पोटाला हात. एकदा तर दोघं जत्रेला गेले असताना त्यानं धोंडीबालाच फोन करायला लावला होता, की वहिनी, सोपान चक्कर येऊन पडलाय. सोपानची बायको सुमनताई बिचारी अनवाणी धावत स्टँडवर आली, तर हा भजी खात बसलेला. दोघांनी तिच्या शिव्या खाल्ल्या, आणि नंतर कितीतरी दिवस ती गोष्ट आठवून हसले.

त्या दिवशी दोघं दुपारी ताथवड्याला उतरले. जिना चढताना सोपान मध्येच थांबला, कठड्याला धरून. कपाळावर घाम होता.

"काय रे?"

"ऊन किती हाय," सोपान म्हणाला. "तू हो म्होरं."

वर्षालीनं रेकॉर्डिंगसाठी दोघांच्या कॉलरला आणखी बारके माइक अडकवले. तेवढ्यात सोपाननं तिला हातानं खूण करून बाजूला बोलावलं. दोघं खिडकीपाशी हळू आवाजात काहीतरी बोलले. तिनं मान हलवली, जाऊन पाण्याची बाटली आणली. पाणी पिऊन सोपाननं लांबून धोंडीबाकडे बघितलं आणि डोळा मारला.

झालं, धोंडीबानं ओळखलं. यालाही फितवलं. सोपानला नाटकात घेतलंय, आता तो पलीकडे पडणार, कण्हणार, आणि काचेमागे पोरं बघत बसणार की धोंडीबाकाका या वेळीही रडतात का.

"बेल वाजेपर्यंत खुर्ची सोडू नका हं काका, रेकॉर्डिंग तुटतं," वर्षाली म्हणाली. "मी खालून पुढच्या जोडीला घेऊन येते." दार लागलं.

सुरुवातीला सोपान बराच बोलला. पहिल्या पाळीचं, कॅन्टीनच्या पातळ आमटीचं, संपाचं. मग तो थांबला. स्पीकरातून नुसता श्वास येत राहिला.

"धोंडबा, तू त्या शिडीवाल्या पोरासाटी रडलास ना," तो म्हणाला, "त्येची म्या लई टिंगल केली. पन खरं सांगू का, मला बरं वाटलं व्हतं. म्हनलं, उद्या म्या कुटं पडलो, तर ह्यो येनार. ह्यो बसून ऱ्हानार न्हाई."

छान पाठ केलंय, धोंडीबाच्या मनात आलं. पोरीनं लिहून दिलं असणार.

आणि मग ती खुर्ची आपटली.

"बास कर सोपान्या. ओळखलं," असं तो म्हणाला ते इथं. म्हणून झाल्यावर त्यानं काळ्या काचेकडे बघून अंगठाही दाखवला. स्पीकरात काहीतरी घासल्याचा आवाज आला. "सुमे," सोपान म्हणाला, "सुमे गं..." आणि मग ते ओढून घेतलेले श्वासही थांबले.

धोंडीबा बेलची वाट बघत बसला. बेल वाजेना. काचेमागून कुणी येईना. दुसऱ्या वेळी त्यानं ओळखल्याबरोबर वर्षाली हसत आली होती, आता का येत नाही? त्याला वाटलं, मी किती वेळ बसतो ते बघत असतील. उठलो की टाळ्या वाजतील, सोपान कपडे झटकत उठेल आणि उद्या टपरीवर पुन्हा तेच, शिडी पाडा आणि धोंडबाला रडवा. त्यानं खुर्चीचे हात घट्ट धरले. फसण्याची भीती वाटत होती, आणि तिच्या पोटात दुसरी एक भीती हळूहळू वाढत होती, तिचं नाव घ्यायलाही तो तयार नव्हता. "सोपान्या," त्यानं माइकात हाक मारली. "सोपान्या, पुरे आता. शपथ आहे तुला." पलीकडून काही आलं नाही.

हसतील तर हसू देत, असं म्हणून तो अखेर उठला. दोन्ही खोल्यांच्या मधलं दार त्यानं ढकललं.

सोपान कुशीवर पडला होता. चेहरा भिंतीकडे होता, त्यामुळे अजूनही ते सोंग वाटू शकलं असतं. पण टोपी जमिनीवर होती. डोक्याजवळ नाही, पायाशी, चपलेखाली. तडफडताना सोपानचीच टाच तिच्यावर पडली होती आणि पांढऱ्या कापडावर मातीचा काळपट ठसा उमटला होता.

धोंडीबा तसाच खाली बसला, सोपानचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओरडायला लागला. या वेळी मांडीवरचं डोकं उठलं नाही.

वर्षाली धावत आली, मागोमाग आणखी कुणीकुणी. एकानं सोपानची छाती दाबायला घेतली, कुणी अॅम्ब्युलन्स बोलावली. धोंडीबाला त्यांनी बाजूला केलं तेव्हा त्याच्या हातात टोपी होती. ती त्यानं कधी उचलली, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

अॅम्ब्युलन्समध्ये पुढच्या सीटवरून त्यानं सुमनताईला फोन लावला.

"वहिनी, सोपानला दवाखान्यात नेतोय. पडला तो."

सुमनताई हसली. "भावजी, त्येन्ला म्हनावं, घरात आज पिठलंच हाय. सोंग केलं तरी दुसरं काय मिळायचं न्हाई."

"वहिनी, खरंच पडलाय."

"मागं बी तुमीच फोन केलता. म्या येडी अनवानी आल्ते. आता न्हाई यायची."

आता ह्या बाईला खरं वाटावं म्हणून सांगायचं तरी काय? आईची शपथ घालावी, तर ती त्यानं तेव्हा जत्रेतही घातली होती. मागं डॉक्टर काहीतरी भराभर बोलत होते, गाडी डांगे चौकाच्या गर्दीत अडकली होती आणि भोंगा नुसता कोकलत होता.

"वहिनी," तो म्हणाला, "त्याची टोपी खाली पडली होती. पायाखाली आली त्याच्या."

तिकडून कुकरची शिट्टी तेवढी ऐकू आली.

"कुटं यिऊ?" सुमनताईनं विचारलं.

संत तुकाराम नगराजवळच्या दवाखान्यात सोपानला सरळ आत घेऊन गेले आणि धोंडीबा बाहेरच्या बाकावर बसला. बाक कसला, एकमेकींना जोडलेल्या लोखंडी खुर्च्या. वर्षाली भिंतीला टेकून उभी होती. धोंडीबानं नळावर रुमाल भिजवून आणला आणि टोपीवरचा ठसा पुसायला लागला. ठसा पसरत होता, जात नव्हता. सुमनताई यायच्या आत तो जायला हवा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. सुमनताईची त्याला भीती वाटत होती, सरळ सांगायचं तर तिच्या एका प्रश्नाची.

ती रिक्षातून उतरली ती या खेपेलाही अनवाणीच. आत जाऊ देईनात, म्हणून त्याच्या शेजारी येऊन बसली. टोपीकडे बघितलं. मग तिनं विचारलंच.

"शुद्धीवर व्हते का?"

"होता. थोडा वेळ."

"काय बोलले?"

"मला हाक मारली. मग तुमचं नाव घेतलं. सुमे म्हणाला."

सुमनताईनं पदर तोंडाला लावला. जरा सावरली आणि म्हणाली, "मंग तुमी काय म्हनला त्येन्ला?"

खोटं बोलायला कुणाची आडकाठी नव्हती. येतोच म्हणालो, धावलो, डोकं मांडीवर घेतलं, असं सांगितलं असतं तर तिला कधी कळलं नसतं, आणि त्या माउलीलाही बरं वाटलं असतं. पण आज दिवसभरात खोट्याखऱ्याचा जो घोळ झाला होता, त्यात आणखी एक भर घालायची त्याची छाती झाली नाही.

"मी म्हणालो, बास कर सोपान्या, ओळखलं." तो म्हणाला. "आणि बसून राहिलो, वहिनी. मला वाटलं, सोंग आहे."

सुमनताई त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग शोधत होता तो, राग चालला असता त्याला.

"फोनवर म्या बी त्येच म्हनले की," ती म्हणाली. आणि मग हळूच, "पन भावजी, तुमी तितं व्हता."

धोंडीबा पुन्हा टोपी पुसायला लागला.

डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, तोंडावरचा मास्क खाली करून त्यांनी गराडेंचे नातेवाईक कोण म्हणून विचारलं, आणि सुमनताई उठून उभी राहिली तेव्हाच त्यांच्या चेहऱ्यावरून सगळ्यांना कळलं. उशीर झाला होता, ते म्हणाले. आम्ही खूप प्रयत्न केले. सुमनताई मोठ्यानं रडली नाही. "बरं," एवढंच म्हणाली, भाजीवाल्याला म्हणावं तसं, आणि नर्सच्या मागोमाग आत गेली.

धोंडीबानं मान वर केली. छताच्या कोपऱ्यात कॅमेरा होता, त्याचा बारका लाल दिवा लागलेला. तो त्या दिव्याकडे बघत राहिला. मग पॅसेजच्या टोकाच्या दाराकडे बघितलं. दार बंद होतं, त्याला काच होती, काचेमागे काही दिसत नव्हतं. त्याच्या काळजात एक वेडी आशा उठली. सांगायलाही लाज वाटावी अशी, पण उठली खरी.

"वर्षाली," तो म्हणाला. "सांग आता."

"काय काका?"

"तू सांगतेस ना दर वेळी, सगळं झाल्यावर. खरं काय ते. सांग, बाळ. मी रागावणार नाही. टाळ्या वाजवल्या तरी चालतील."

वर्षाली त्याच्या पायाशी खाली बसली. त्याचा गुडघा तिनं दोन्ही हातांनी धरला.

"काका, फोनवर सांगितलं होतं तेच खरं होतं," ती म्हणाली. "या वेळी काही नव्हतं. काचेमागं कुणीसुद्धा नव्हतं."

"मग खिडकीपाशी तो तुला काय म्हणाला? मला डोळा मारला त्यानं."

"छातीत जळजळतंय, म्हणाले. पाणी दे. मी म्हटलं, आपण आज नको करूया, तर म्हणाले, धोंडबाला बोलू नको. त्याला कळलं तर तो सगळं टाकून मला घरी घेऊन जाईल. मी ऐकायला नको होतं, काका. मी ऐकलं त्यांचं."

धोंडीबानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. पोर लेकीच्या वयाची, तिला काय बोलणार. आतून सुमनताईचा आवाज येत होता, ती सोपानला काहीतरी सांगत होती, घरातलं, रोजचं काहीतरी.

जरा वेळानं त्याचं लक्ष हातातल्या टोपीकडे गेलं. ओली झाली होती, ठसा तसाच होता. त्यानं ती झटकली, मांडीवर पसरून तिची घडी घातली, आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली, ठशाची बाजू खाली करून.